उजवा कौल, डावा कौल: हॅरी सेल्डनचं प्रकरण

टर्मिनस नावाच्या ग्रहावर एका खोलीत काचेचं एक दालन आहे. एरवी ते रिकामं असतं. नेमलेल्या दिवशी दिवे मंद होतात आणि काचेआड चाकांच्या खुर्चीत बसलेला एक म्हातारा दिसू लागतो, मांडीवर पुस्तक घेतलेला. पहिल्या खेपेला तो जमलेल्या लोकांना सांगतो की तुम्ही मला दिसत नाही, किती जण आलात तेही मला ठाऊक नाही. कुणी उभं असेल तर बसून घ्या. विडी-सिगारेट ओढायची असेल तर खुशाल ओढा, मी काही इथे नाहीच.

हा हॅरी सेल्डन. त्याला जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झालेली असतात. दिसतं ते त्याचं आधीच मुद्रित करून ठेवलेलं चित्र. विज्ञानकथाकार आयझॅक आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतला हा मूळपुरुष. मूळपुरुष हा शब्द मी आपल्या कोकणातल्या अर्थाने वापरतोय. गावात पहिलं पाऊल टाकणारा, वंशावळीत सगळ्यात वर लिहिलेला, आणि ज्याच्या घुमटीपुढे नारळ ठेवल्याशिवाय घरातलं कार्य निघत नाही असा.

हे टिपण सेल्डनच्या सगळ्या चरित्राचं नाही, एका प्रसंगाचं आहे: ज्या दिवशी मूळपुरुष भरल्या सभेत चुकीचं बोलला, तो दिवस. मालिका अजून वाचली नसेल आणि वाचायचा बेत असेल तर इथेच थांबलेलं बरं, कारण पुढे रहस्यं फुटणार आहेत.

मागची गोष्ट

बारा हजार वर्षं चाललेलं एक आकाशगंगाव्यापी साम्राज्य आहे. राजधानी ट्रँटर, सगळा ग्रहच धातूच्या छपराखाली गेलेला, लोकसंख्या चाळीस अब्ज. सेल्डन तिथला गणिती. जन्म हेलिकॉन नावाच्या दूरच्या ग्रहावरचा, बाप तंबाखू पिकवणारा. त्याने एक शास्त्र उभं केलं, सायकोहिस्टरी. वायूचा एक रेणू कुठे उडेल ते सांगता येत नाही, पण डबाभर वायूचा दाब किती होईल ते सांगता येतं, तसंच माणसांचं. एकटा माणूस काय करेल याची खात्री नाही, अब्जावधी माणसांचा लोंढा कुठे वळेल हे मात्र मांडता येतं. अट अशी की लोंढा मोठा हवा आणि आपलं गणित मांडलं गेलंय हे लोंढ्याला कळता कामा नये. तिसरी अट कुणी उच्चारत नाही कारण ती गृहीतच धरलेली आहे: माणूस माणसासारखाच वागेल.

गणिताचा निकाल असा की साम्राज्य कोसळणार आणि मागे तीस हजार वर्षांचा अंधार उरणार. तो टळणार नाही, पण एक हजार वर्षांवर आणता येईल. असं अभद्र बोलतो म्हणून ट्रँटरच्या लोकांनी त्याला डोमकावळा हे टोपणनाव दिलं होतं. त्याच्यावर खटला चालला आणि शिक्षा म्हणून त्याला व त्याच्या लोकांना आकाशगंगेच्या टोकाला, टर्मिनसवर, हद्दपार करायचं ठरलं. काम नेमून दिलं ते सगळ्या ज्ञानाचा कोश तयार करण्याचं. सेल्डनला हेच हवं होतं. तो स्वतः गेला नाही, लोक गेले. ही वसाहत म्हणजेच फाउंडेशन.

पन्नास वर्षं टर्मिनसचे लोक इमानेइतबारे कोशाच्या नोंदी लिहीत बसले. मग दालन पहिल्यांदा उघडलं आणि म्हाताऱ्याने सांगितलं की कोश ही थाप होती, पहिल्यापासूनच. तुम्हाला इथे आणून बसवायला काहीतरी निमित्त लागत होतं, एवढंच. दोन पिढ्या ज्या कामात खपल्या ते काम निमित्त होतं हे ऐकून एखाद्या जमावाने ते काचेचं दालन फोडलं असतं. टर्मिनसच्या लोकांनी फोडलं नाही. उलट त्या दिवसापासून सेल्डनचं वजन वाढलं. ज्याला आपल्याला फसवता आलं त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसत असणार, असा तो हिशेब. हा हिशेब किती जुना आहे ते देवळात बसणाऱ्या कुणालाही विचारा.

आणखी एक गोष्ट या वजनाच्या मुळाशी आहे. टर्मिनसवर पाठवलेल्या माणसांत सेल्डनने भौतिकशास्त्रज्ञ भरले, मनाचं शास्त्र जाणणारे जवळजवळ वगळले. हे मुद्दाम. गणित करणारा कुणी तिथे असता तर त्याने योजना तपासली असती, आणि योजना तपासणारे लोक योजनेप्रमाणे वागत नाहीत. परिणाम असा की ज्या शास्त्राच्या बळावर ही वसाहत उभी होती ते शास्त्रच वसाहतीत कुणाला येत नव्हतं. शास्त्र गेलं आणि त्याच्या जागी श्रद्धा राहिली, हे ओघानेच आलं.

कौल

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या लहानपणी विहीर कुठे खणायची यावर आजोबांनी असा कौल लावला होता. उजवा पडला. घरी येताना मी विचारलं, डावा पडला असता तर? ते म्हणाले, पुन्हा लावला असता. नंतर कळलं की खोदाईची माणसं त्यांनी आदल्या आठवड्यातच ठरवून ठेवली होती, विसारसुद्धा देऊन झाला होता.

आजोबांना सॅल्व्हर हार्डिन आवडला असता. टर्मिनसचा हा पहिला कर्ता महापौर. शेजारच्या ॲनाक्रिऑन राज्याने टर्मिनसवर डोळा ठेवला, तेव्हा कोशमंडळाचे विश्वस्त म्हणत होते की दालन उघडेल, सेल्डन मार्ग सांगेल. हार्डिन थांबला नाही. म्हातारा काचेआड बोलत होता त्याच दिवशी हार्डिनच्या माणसांनी मंडळाच्या हातातून सत्ता काढून घेतली. सेल्डनने मार्ग सांगितला नाहीच. मार्ग उघड आहे, एवढंच म्हणाला. ऐकणाऱ्यांत तो एकट्या हार्डिनला आधीच दिसला होता. तीस वर्षांनी दालन पुन्हा उघडलं तेही संकट निवारून झाल्यावर.

पुढच्या दोन मोठ्या संकटांचंही तेच. व्यापारी होबर मॅलो आपल्या अकलेने एक युद्ध न लढता जिंकतो. बेल रिओझ नावाचा सेनापती साम्राज्याच्या उरल्यासुरल्या ताकदीनिशी चालून येतो आणि त्याचाच सम्राट त्याला माघारी बोलावून ठार करतो, कारण दुबळ्या गादीला बळकट सेनापती परवडत नाही. या दोन्ही कथांत लेखक आपल्याला त्या खोलीकडे नेतच नाही. नावाचा आधार सगळे घेतात, बोलणं कुणी ऐकत नाही, आणि सगळं सुरळीत पार पडतं.

म्हणजे व्यवस्था चालत होती ती अशी: आधी माणसाने निर्णय घ्यायचा, मग मूळपुरुषाने मान डोलवायची. गावच्या कौलात आणि टर्मिनसच्या कौलात फरक एकच. देवाला आपण प्रश्न विचारतो आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारतो. सेल्डनला प्रश्न विचारताच येत नाही. त्याचं उत्तर तीनशे वर्षांपूर्वी तयार झालेलं असतं.

तो दिवस

फाउंडेशनच्या स्थापनेला सुमारे तीनशे वर्षं झालेली आहेत. गादीवर तिसरा इंडबर आहे. महापौरपद एव्हाना वंशपरंपरेने चालू लागलं आहे. आजा क्रूर होता पण कर्तबगार. नातू मनाने हिशेबनीस. टेबलावरचे कागद नीट रचलेले असले, अर्ज ठरलेल्या नमुन्यात आला, की त्याला राज्य नीट चाललंय असं वाटतं. बाहेर स्वतंत्र व्यापारी करांवरून आणि मनमानीवरून धुमसत आहेत.

अशात म्यूल नावाचा कुणी एक माणूस ग्रहामागून ग्रह घेत येतो. म्यूल म्हणजे खेचर. सैन्य थोडं, पूर्वपीठिका कुणाला ठाऊक नाही, आणि त्याच्यासमोर लोक लढायचंच थांबतात. काल शत्रू असलेला सेनापती आज त्याचा भक्त होतो. हॅन प्रिचर हा फाउंडेशनचा गुप्तहेर धोक्याची सूचना घेऊन येतो तर इंडबर त्याला शिस्तभंगाबद्दल झापतो.

मग एब्लिंग मिस हा शिवराळ, गबाळा, पण हुशार मानसशास्त्रज्ञ जुनी आकडेमोड उलगडून सांगतो की दालन आता अमुक दिवशी उघडणार. इथे इंडबरच्या कारभाराचा सगळा सूर बदलतो. चिंता मिटली! म्यूल येतोय ना, येऊ दे. सेल्डनने हे धरलेलंच असणार, तो येऊन सांगेल. हार्डिनच्या काळात जे दालन शेवटी बघायचं होतं ते आता पहिल्यांदा बघायचं झालं.

ठरल्या दिवशी खोली भरते. महापौर, अधिकारी, आणि धाकाने एक झालेल्या व्यापाऱ्यांचे प्रतिनिधीसुद्धा. दिवे मंद होतात. म्हातारा येतो. खुर्ची तीच, शांत आवाज तोच. तो बोलतो यादवीबद्दल. केंद्राची सत्ता फार हुकूमशाही झाली, बाहेरचे व्यापारी फार विस्कळीत राहिले, दोघांत युद्ध झालं, त्यातून तडजोडीचं सरकार आलं आणि हे योग्यच झालं, असं तो समजावून सांगतो. म्यूलचा उल्लेख नाही. एका शब्दाने नाही.

मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं संभाषण इथे आहे. मिस ओरडतो की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, हा भलत्याच संकटाबद्दल बोलतोय. आणि व्यापाऱ्यांना विचारतो, तुम्ही यादवी करणार होतात का? त्यांच्यातला रांडू उत्तर देतो: करणार होतो. म्यूल आला म्हणून रहित केली.

हे उत्तर दोनदा वाचावं. सेल्डन चुकला नव्हता. तीनशे वर्षांच्या अंतरावरून त्याने घरातलं भांडण नेमकं हेरलं होतं, दोन्ही पक्षांचे दोष अचूक सांगितले होते. फक्त जो आला तो त्याच्या गणितात बसणारा माणूस नव्हता. म्यूल जन्मतःच वेगळा, लोकांच्या भावना बाहेरून वळवू शकणारा. माणूस माणसासारखा वागेल ही न बोललेली अट त्याने मोडली. गणित बरोबर, गृहीतक खोटं. ज्यांनी कधी अंदाजपत्रक केलंय त्यांना हे दुःख माहीत आहे.

आणि मग दिवे जातात.

दिवे याआधीही गेले होते

या मालिकेवर लिहिताना लोक सहसा सेल्डनच्या चुकीपाशी थांबतात. मला या प्रकरणाचा गाभा दिव्यांत दिसतो, आणि त्यासाठी सव्वादोनशे वर्षं मागे जायला हवं.

टर्मिनसच्या चार शेजारी राज्यांना अणुशक्ती हवी होती आणि ती चालवायची अक्कल त्यांच्यात उरली नव्हती. हार्डिनने ती दिली, पण धर्म म्हणून दिली. वीजघरं म्हणजे देवळं. ती चालवणारे म्हणजे पुरोहित, ज्यांना बटणं कुठली दाबायची ते पाठ असतं, का दाबायची ते ठाऊक नसतं. वर आकाशगंगेचा महान आत्मा, आणि त्याचा प्रेषित कोण, तर हॅरी सेल्डन. टर्मिनसमध्ये तो योजनाकार, सीमेपलीकडे तो प्रेषित. एकच माणूस, दोन खात्यांवर मांडलेला.

ॲनाक्रिऑनचा कारभारी विएनिस टर्मिनसवर आरमार पाठवतो. आघाडीच्या जहाजावर थिओ ॲपोरॅट नावाचा पुरोहित असतो. मध्यरात्रीच्या सुमारास तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आत्म्याच्या आणि त्याचा प्रेषित हॅरी सेल्डन याच्या नावाने, त्या जहाजाला शाप देतो. यंत्रांची घरघर थांबते. दिवे विझतात. सैनिक गलितगात्र होतात, जहाजाचा ताबा पुरोहिताकडे जातो. तिकडे ॲनाक्रिऑनच्या राजवाड्यातही अंधार होतो, आणि हार्डिन शांतपणे खुर्चीत बसून ही मौज बघत असतो. त्याला माहीत आहे की वायरिंग कुणी केलंय.

आता पुन्हा इंडबरच्या सभेत या. सेल्डन बोलून संपतो न संपतो तोच भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं कुणाच्या तरी लक्षात येतं. मनगटावरची घड्याळंही बंद. अणुदिव्यांचा उजेड गेलेला. म्यूलकडे अणुशक्ती निकामी करणारं यंत्र आहे आणि ते आता टर्मिनसवर वापरलं जातंय, इतकी ही साधी तांत्रिक गोष्ट. पण खोलीतली माणसं कशी वागतात? हुबेहूब त्या जहाजावरच्या सैनिकांसारखी. प्रेषित बोलला, दिवे गेले, सगळं संपलं. आणि एका दिवसाच्या आत टर्मिनसची भूमी जवळजवळ न लढता म्यूलच्या हाती जाते.

शेजाऱ्यांसाठी घडवलेला देव घरी आला होता. हार्डिनने दोन खाती वेगळी ठेवली कारण दोन्ही त्याच्याच हाताने लिहिलेली होती. इंडबरला ती एकाच वहीत मिळाली. वीज कशी बनते हे टर्मिनसवर तीनशे साली माहीत होतं, तंत्रज्ञ भरपूर होते. तरीही दिवे गेल्यावर त्या खोलीतल्या कुणाच्या मनात यंत्र दुरुस्त करायचा विचार येत नाही. माझ्या मते फाउंडेशन त्या क्षणी पडलं. पुढचं सगळं पंचनाम्यासारखं.

दुसरी बाजू

प्रकरण अभ्यासात विरुद्ध पुरावा लपवायचा नसतो, म्हणून तो इथे मांडतो. माझ्या या निष्कर्षाला एक जबरदस्त अडचण आहे आणि ती त्या खोलीतच बसलेली होती.

बायटा आणि टोरान या तरुण जोडप्याबरोबर मॅग्निफिको नावाचा एक विदूषक फिरतो. काटकुळा, लांब नाकाचा, भित्रा, म्यूलच्या तावडीतून पळालेला. त्याच्याकडे मनात चित्रं आणि सूर उठवणारं एक वाद्य आहे. सेल्डनच्या सभेला तोही हजर असतो. कथेच्या शेवटी बायटा हिशेब जुळवते: हा विदूषक जिथे जिथे गेला तिथे तिथे लोक कारणाशिवाय खचले. टर्मिनसवर खचले, हेव्हन या व्यापाऱ्यांच्या ग्रहावर खचले. मॅग्निफिको हाच म्यूल.

तेव्हा सभा मोडली ती मूळपुरुषावरचा विश्वास तुटला म्हणून, की खोलीतल्या एका माणसाने सगळ्यांच्या मनात निराशा ओतली म्हणून? दुसरं खरं असेल तर इंडबरला दोष देण्यात अर्थ नाही. हार्डिन त्या खुर्चीत असता तरी तोही खचला असता.

मी यावर बराच घोळलो आहे. माझं उत्तर असं की म्यूलने निराशा वाढवली, पण तिच्यासाठी जागा आधीच करून ठेवलेली होती. त्याने त्या खोलीत येण्यासाठी हाच दिवस निवडला. गावातले सगळे कर्ते लोक एका छपराखाली, सगळ्यांचे डोळे एका दिशेला, आणि सगळ्यांनी आपापला निर्णय एका मेलेल्या माणसावर सोपवलेला. भावना वळवणाऱ्याला याहून सोपा जमाव कुठे मिळणार? तरीही ही गोष्ट कादंबरी शंभर टक्के मिटवत नाही, आणि मला ते आवडतं.

म्यूलच्या नावाचीही एक गंमत आहे. लोकांना वाटतं ताकदीमुळे हे नाव घेतलं. खरं कारण तो शेवटी सांगतो: खेचराला पिल्लं होत नाहीत. त्याचा वंश त्याच्याबरोबर संपणार. काही वर्षांत तो मरतो आणि त्याचं साम्राज्य विरून जातं. उलट सेल्डनची टर्मिनसवर ना मुलं ना नातवंडं, तरी अख्खा ग्रह त्याचं कूळ सांगतो. मूळपुरुष व्हायला वंश लागतोच असं नाही. वंशजांनी मानलं की झालं.

लेखकाच्या टेबलावर

कौलाची गोष्ट पुस्तकाच्या बाहेरही घडली. १ ऑगस्ट १९४१ रोजी एकवीस वर्षांचा आसिमॉव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून संपादक जॉन कॅम्बेलला भेटायला चालला होता आणि त्याच्याकडे कथा नव्हती. हातातलं संगीतिकांचं पुस्तक त्याने कुठेही उघडलं. एका शिपायापुढे लोटांगण घालणाऱ्या परीराणीचं चित्र दिसलं. शिपायावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, रोमन साम्राज्याचा गिबनने लिहिलेला ऱ्हासाचा इतिहास त्याने वाचलेला होता, तिथून आकाशगंगेचं साम्राज्य. स्टेशन येईपर्यंत कथा झाली. कॅम्बेलने एक नव्हे, मालिकाच मागितली.

पहिली कथा मे १९४२ च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली. तिच्या शेवटी हार्डिन म्हणतो की उपाय अगदी उघड आहे, आणि तो काय ते न सांगताच कथा संपते. संपादकाने पुढची कथा घ्यावीच म्हणून आसिमॉव्हने ही मेख मारून ठेवली होती. मग पुढची लिहायला बसल्यावर तो स्वतःच अडकला. उघड असलेला उपाय लेखकालाच दिसेना! मित्र फ्रेडरिक पोलशी ब्रुकलिन पुलावर फिरता फिरता झालेल्या बोलण्यातून त्याची गाडी सुटली. सर्वज्ञ मूळपुरुषामागे असा हातघाईवर आलेला विशीतला पोरगा होता, हे लक्षात ठेवलं की सेल्डन जास्तच आवडू लागतो.

म्यूलचीही कल्पना आसिमॉव्हची नव्हे. योजना उधळली गेली पाहिजे हा कॅम्बेलचा आग्रह. आसिमॉव्ह हादरला, नको नको म्हणाला, कॅम्बेल हो हो म्हणाला. तेव्हा आसिमॉव्ह युद्धकाळात फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करत होता. कथा १९४५ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या अंकांत आली आणि मालिकेतली सर्वोत्तम ठरली. मूळपुरुषाला चूक करायला लावायला बाहेरचा माणूस लागला, हे मला फार बोलकं वाटतं. आपल्या मूळपुरुषाची चूक आपल्याला सहसा सुचत नाही.

सेल्डनने पुस्तकाबाहेरही अनुयायी मिळवले. नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी सांगितलं आहे की पोरवयात त्यांना सेल्डन व्हायचं होतं, आणि त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं म्हणून ते अर्थशास्त्राकडे वळले.

अचूक निघाला तेव्हा

म्यूलनंतर योजना सावरली ती दुसऱ्या फाउंडेशनने. सेल्डनने पहिल्यासारखीच आणखी एक वसाहत गुपचूप ठेवली होती, मनाचं शास्त्र जाणणाऱ्यांची. हे लोक ट्रँटरवरच, जुन्या राजधानीच्या भग्नावशेषांत राहून लोकांच्या मनांना हलके हलके टाके घालत योजना रुळावर आणतात.

तीस वर्षांच्या खंडानंतर, १९८२ साली, आसिमॉव्ह या मालिकेत परतला. काळ फाउंडेशन सन ४९८. दालन पुन्हा उघडलंय, सेल्डन बोललाय, आणि या वेळी सगळं तंतोतंत बरोबर निघालंय. महापौर हार्ला ब्रॅनोचं धोरण मूळपुरुषाने उचलून धरलं, गावात आनंदीआनंद. आणि गोलान ट्रेव्हाइझ नावाचा तरुण सभासद म्हणतो, माझा विश्वास नाही. म्यूलने एवढी मोडतोड केल्यावर पाचशे वर्षांपूर्वीचं भाकीत शब्दाशब्दाने जुळणं अशक्य आहे. जुळतंय याचा अर्थ कुणीतरी जुळवतंय. दुसरं फाउंडेशन संपलं असं आपण समजतो, ते जिवंत आहे.

ट्रेव्हाइझला भर सभेत अटक होते.

दोन प्रसंग शेजारी ठेवले की गंमत कळते. तीनशेच्या सुमारास मूळपुरुष चुकला तर लोकांचे पाय लटपटले. चारशे अठ्ठ्याण्णव साली मूळपुरुष अचूक निघाला तर एका माणसाच्या पोटात गोळा आला. इंडबरच्या सभेत एक जरी ट्रेव्हाइझ असता तर त्याने दालनाकडे पाठ करून वीजघराकडे धाव घेतली असती, असं मला वाटून जातं. अर्थात मग विदूषकाने त्यालाही गाठलं असतं.

शेवटच्या दोन पुस्तकांत, १९८८ आणि १९९३ साली, आसिमॉव्हने मूळपुरुषाचं सोवळं उतरवलं. तरुण सेल्डन दिसतो. ट्रँटरवर नवखा, कुस्तीसारख्या झटापटीत तरबेज, गणित अजून जमलेलं नाही आणि तसं तो उघड कबूल करतो. त्याच्यामागे एक यंत्रमानव उभा असतो, सम्राटाचा प्रधान डेमर्झेल म्हणून वावरणारा. शेवटचं पुस्तक आसिमॉव्हच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. एप्रिल १९९२ मध्ये तो गेला. सेल्डनला आपला दुसरा जीव म्हणणाऱ्या माणसाने शेवटी त्याचंच म्हातारपण लिहिलं: गेलेली बायको, गेलेले मित्र, दुखणारा पाय, पैशांची चणचण.

त्या पुस्तकाच्या अखेरीस सेल्डनच्या मृत्यूची नोंद येते, आणि ती येते त्याच कोशातला उतारा म्हणून, ज्याला त्याने थाप म्हटलं होतं. म्हणजे कोश झाला एकदाचा. नोंद सांगते की तो विद्यापीठातल्या आपल्या टेबलावर कोसळलेला सापडला, हातात समीकरणांचं यंत्र, चालू. त्याच्या सूचनेप्रमाणे यंत्र टर्मिनसला गेलेला सहकारी गाल डॉर्निक याच्याकडे पाठवण्यात आलं. अंत्यविधी साधा होता, गर्दी बरी होती. आणि देह, तोही त्याच्याच सूचनेप्रमाणे, अंतराळात सोडून देण्यात आला. त्याची समाधी कुठेही नाही.